सिटी नॉर्मल आहे, मग हा असा का वागतो?

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडलं, तेव्हापासून जत, अथणी, विजापूर, बेळगावकडची माणसं दुखणं घेऊन या गावात येत आली आहेत. मी इथेच एमआरआयच्या मशीनवर तंत्रज्ञ म्हणून काम करते. माहेर सातारा जिल्ह्यातलं, उंब्रजकडचं. पुणे-बंगळूर महामार्ग दारावरून जातो, त्यामुळे अपघात आणि डोक्याला लागलेला मार हे विषय लहानपणापासून कानावर होते. निदान रेडिओलॉजिस्ट करतात, उपचार न्यूरोसर्जन करतात. पण मशीनबाहेर ताटकळणाऱ्या घरच्यांशी बोलणं रोज माझ्या वाट्याला येतं. मेंदूचा मार म्हणजे बहुतेकांच्या मनात एकच चित्र असतं, रक्ताची गाठ. मेंदूच्या भागाभागांना जोडणारे तंतूही तुटतात, आणि गाठ नसली तरी माणूस बदलू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. अपघात झाल्याझाल्या एमआरआयचा हट्ट धरू नये.

खंबाटकीत किंवा पेठनाक्यावर अपघात झाला की नातेवाईक रात्री-अपरात्री पोचतात आणि म्हणतात, "सगळ्यात मोठी तपासणी करा, पैशाचं आम्ही बघतो." तळमळ खरी असते. पण पहिल्या काही तासांत डॉक्टरांना एवढंच हवं असतं की कवटीत रक्त साचलंय का आणि ते तातडीनं काढावं लागेल का. सिटी स्कॅन ते काही मिनिटांत सांगतो. हाड मोडलं असेल तर तेही त्यातच चांगलं दिसतं. एमआरआयला अर्धा तास जातो, पेशंटनं निश्चल पडून राहावं लागतं, साधा व्हेंटिलेटर आत नेता येत नाही. हातपाय झाडणाऱ्या, श्वास अडकणाऱ्या माणसाला त्या बोगद्यात घालणं धोक्याचं असतं. एमआरआयची वेळ पुढे येते, जीव सावरल्यावर.

२. सिटी नॉर्मल आली म्हणजे मेंदूला काही झालं नाही, असं नसतं.

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की आमच्याकडे एका जातीचे अपघात वाढतात. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर अंधारात रस्त्याकडेला उभा असतो, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि दुचाकी सरळ ट्रॉलीत घुसते. असाच आष्ट्याकडचा एक तरुण आला होता. सिटीत गाठ नाही, फ्रॅक्चर नाही. तरी कित्येक दिवस त्यानं डोळे उघडले नव्हते. भाऊ पुनःपुन्हा विचारत होता, "मॅडम, सगळं नॉर्मल आहे म्हणतात, मग हा उठत का नाही?"

आम्ही त्याचा एसडब्ल्यूआय नावाचा सिक्वेन्स, म्हणजे एमआरआयच्या चित्रांचा एक वेगळा प्रकार, घेतला. स्क्रीनवर मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्यात, कॉर्पस कॅलोसममध्ये, बारीक काळे ठिपके उमटले. आणखी काही ठिपके पुढच्या भागात, करडा आणि पांढरा भाग जिथे भेटतात त्या रेषेवर होते. सांडलेल्या रक्तातलं लोह आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं. त्यामुळे सिटीला न दिसणारा थेंबभर रक्तस्रावही या सिक्वेन्समध्ये खऱ्या आकारापेक्षा मोठा दिसतो.

धडकेत डोकं एकाएकी थांबतं, पण आतला मेंदू गिरकी घेतो. करड्या आणि पांढऱ्या भागाची घनता वेगळी, त्यामुळे दोन्ही सारख्या वेगानं सरकत नाहीत, आणि मधले लांबलचक तंतू ताणले जातात. याला डिफ्यूज अ‍ॅक्झोनल इंज्युरी म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात 'डीएआय' येतं ते हेच. बरेच तंतू जागच्या जागी तुटत नाहीत. ताणल्यावर त्यांच्या आतली ने-आण बंद पडते, ते फुगतात आणि काही तासांनी, काही दिवसांनी निकामी होतात. इजा फक्त अर्धगोलांच्या पांढऱ्या भागात असेल तर पहिली पायरी, कॉर्पस कॅलोसमपर्यंत असेल तर दुसरी, मेंदूच्या देठापर्यंत पोचली तर तिसरी, अशी तिची प्रतवारी आहे. त्यातही रक्तस्राव न झालेले तंतू ठिपक्यांत येतच नाहीत. म्हणजे जे दिसतं त्याहून इजा जास्तच असते. त्या भावाला उत्तर मिळालं ते या चित्रामुळे. गाठ नव्हती म्हणून ऑपरेशन करण्यासारखंही काही नव्हतं, आणि वाट बघण्याचं कारण त्याला पहिल्यांदा कळलं.

३. अंगावरचं लोखंड घरीच उतरवून यावं, आणि लपवू नये.

आमचं मशीन १.५ टेस्लाचं आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट. आणि हे चुंबक तपासणी संपली की बंद होत नाही. रात्री कुलूप लावून गेलं तरी ते चालूच असतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं नळकांडं आत गेलं, चुंबकानं ओढलं आणि पेशंटसोबत आलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला. तेव्हापासून लोक आमचं थोडं जास्त ऐकतात.

मंगळसूत्र, जोडवी, करदोटा काढायला सांगितलं की चेहरे पडतात, ते समजू शकते. सौभाग्याचा दागिना दवाखान्यात उतरवणं बाईला जड जातं, म्हणून मी तो तिच्याच माणसाच्या हातात द्यायला लावते. पण खरी भीती वेगळ्याच गोष्टींची असते. शनीसाठी घातलेली घोड्याच्या नालेची अंगठी अस्सल लोखंडी असते, आणि ती बोटातून निघत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर, ग्राइंडरवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधीकाळी कीस गेलेला असू शकतो. चुंबकात तो हलला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून मी प्रत्येक पुरुषाला आणि हल्ली बायकांनाही कामाबद्दल विचारते, आणि शंका आली तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावते. कामधंदा विचारला म्हणून काही जण रागावतात. रागावू देत.

४. पाणी कुठल्या दिशेनं सरकतं यावरून तंतूंची तब्येत कळते.

एमआरआय मुळात शरीरातल्या पाण्याचं चित्र काढतो. पाण्याचे रेणू सतत हलत असतात, पण मेंदूच्या पांढऱ्या भागात ते वाटेल तिकडे हलू शकत नाहीत. उसाच्या सरीत पाणी सोडलं की ते सरीतून लांब धावतं, वरंबा ओलांडून आडवं जात नाही. तंतूंच्या जुडग्यात असंच होतं. वरंबे ढासळले की पाणी चहूकडे पसरतं. तंतू इजा होऊन खिळखिळे झाले की पाण्याची एकाच दिशेची ओढ कमी होते. ही ओढ मोजणारा आकडा आहे, फ्रॅक्शनल अ‍ॅनिसोट्रॉपी, बोलताना एफए. तो शून्य ते एकच्या मध्ये असतो. पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनिस ल बियां यांनी १९९४ साली या पद्धतीचं गणित मांडलं. तिचं नाव डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, आमच्या भाषेत डीटीआय.

रंगीत चित्रात डावी-उजवी दिशा लाल, पुढची-मागची हिरवी आणि वरची-खालची निळी दाखवतात. कॉर्पस कॅलोसम मधोमध लालभडक दिसतो, हातापायांकडे हुकूम नेणारा मार्ग निळा. पहिल्यांदा बघणारा थक्क होतो, आणि नातेवाईक तर मोबाइल काढून फोटोच घेतात. त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते, की हा तंतूंचा फोटो नव्हे. संगणकानं पाण्याच्या हालचालीवरून बांधलेला तो अंदाज आहे. एका ठिपक्यात दोन दिशांचे तंतू एकमेकांना छेदत असतील तर साधं डीटीआय तिथे गोंधळतं आणि निरोगी जागीही एफए कमी दाखवतं. चित्रात रेघ तुटलेली दिसली म्हणून आतला तंतू तुटलाच असं म्हणता येत नाही.

५. स्वस्थ पडलेल्या माणसाचा मेंदू स्वस्थ नसतो.

माझ्या कामातली ही मला सगळ्यात भावलेली गोष्ट. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. मग तो करतो काय?

रक्तातल्या हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की त्याचा चुंबकीय स्वभाव बदलतो, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोर्येल यांनी १९३६ सालीच दाखवलं होतं. त्याचा उपयोग मेंदूचं काम टिपायला होऊ शकतो, हे १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी मांडलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं आणि सिग्नल किंचित वाढतो. हा झाला फंक्शनल एमआरआय. १९९५ मध्ये भारतीय वंशाचे भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. माणूस काहीही न करता पडलेला असतानाही, हात हलवणारे डावे आणि उजवे भाग संथ लयीत एकत्र वरखाली होत होते. ही श्वासाची, नाडीची गडबड असणार असं तेव्हा अनेकांना वाटलं. ती गडबड नव्हती. जे भाग एकत्र काम करतात ते विश्रांतीतही एकमेकांशी सूर धरून असतात. त्यांच्या अशा गटांनाच नेटवर्क म्हणतात. २००१ मध्ये मार्कस रेइकल यांच्या गटानं डिफॉल्ट मोडची कल्पना मांडली, आणि पुढे त्या भागांच्या गटाला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणू लागले. आपण आपल्याच विचारात गढलेले असतो तेव्हा ते जागं असतं, आणि समोर काम आलं की मागे सरतं.

मार लागल्यावर हे मागे सरणंच बिघडतं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की कशाकडे लक्ष द्यायचं ते ठरवणाऱ्या सेलियन्स नेटवर्कच्या उजव्या बाजूच्या एका तंतुमार्गाला जितकी इजा जास्त, तितकं डिफॉल्ट मोड नेटवर्कला आवर घालणं अवघड जातं. तो अभ्यास वाचताना मला पलूसकडचे एक काका आठवले. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि लिटर लिहिण्याचं त्यांचं काम. मोटारसायकलवरून पडले, टाके पडले, हातपाय ठणठणीत. पण लिहितालिहिता कुणी रामराम घातला की वहीकडे परत यायला त्यांना वेळ लागायचा, आणि तोवर पुढच्या माणसाची किटली ओतलेली असायची. लोक म्हणत, काकांचं कामात लक्ष राहिलं नाही. त्यांचं लक्ष हवं तेव्हा वळत नव्हतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

विश्रांतीतलं नेटवर्क तपासणं आमच्यासारख्या केंद्राचं रोजचं काम नाही. बंगळुरूच्या निमहान्ससारख्या संस्थांत असं काम चालतं.

६. हलू नका, हे सांगण्यात निम्मं तंत्र आहे.

डोकं मिलिमीटरच्या काही भागाइतकं हललं तरी नेटवर्कच्या चित्रात खोट्या जोडण्या उमटतात किंवा खऱ्या पुसट होतात. २०१२ च्या सुमारास हे एकापाठोपाठ एक अभ्यासांतून पुढे आलं आणि आधीच्या बऱ्याच निष्कर्षांकडे पुन्हा बघावं लागलं. मार लागलेला माणूस निरोगी माणसापेक्षा जास्त हलतो. त्यामुळे दोघांची तुलना करताना आपण इजा मोजतोय की हालचाल, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

यावर सॉफ्टवेअर आहे, पण त्याच्याआधी बोलणं आहे. मी आधी आवाज कसा येईल ते सांगते, ठकठक, मग घरघर, मग जोरात धडधड. कानात बोळे घालते, डोक्याभोवती कॉइलमध्ये स्पंजच्या उशा बसवते, हातात रबरी बल्ब देते. "मावशी, भ्यायला झालं की हे दाबा, मी लगेच येते. आवंढा गिळला तर चालेल, डोकं तेवढं हलवू नका." अथणी-चिकोडीकडचा पेशंट असेल तर "अल्लाडबेड्री" एवढं कानडी मला येतं, आणि ते ऐकून माणूस हसतो, खांदे सैल सोडतो. प्रत्येक सिक्वेन्सच्या मध्ये माइकवरून किती मिनिटं राहिली ते सांगितलं की घाई करणारेही टिकतात. नातेवाइकाला स्टुलावर पायाशी बसवून पाऊल धरायला सांगितलं की घाबरलेली मुलंही शांत होतात. अर्थात त्या नातेवाइकाच्या खिशातल्या किल्ल्या आधी बघायच्या.

७. बेशुद्ध माणसाजवळ जपून बोलावं.

२००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये २३ वर्षांच्या एका तरुणीला फंक्शनल एमआरआयमध्ये ठेवलं. रस्ते अपघातानंतर ती काही महिने कशालाच प्रतिसाद देत नव्हती. "तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर," असं सांगितल्यावर तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखाच हालचालींचा भाग उजळला. "घरातल्या खोल्यांतून फिर" म्हटल्यावर वेगळे भाग उजळले. २०२४ मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास आला. सांगितलेल्या कुठल्याच हुकमाला बाहेरून प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जण, म्हणजे चौघांतला एक, फंक्शनल एमआरआय किंवा ईईजीवर सूचना पाळताना दिसले.

स्ट्रेचरच्या दोन बाजूंना उभे राहून भावाभावांनी दवाखान्याचा खर्च, कर्ज, जमिनीची वाटणी बोलणं मी पुष्कळदा ऐकलं आहे. मी त्यांना बाहेर पाठवते, आणि कारण सांगते. आपल्याकडे अशी तपासणी होणार नाही हे खरं, पण तो ऐकत नाही याचाही पुरावा आपल्याजवळ नाही. नावानं हाक मारा, कुठला वार आहे ते सांगा, गाय व्याली ते सांगा.

८. घरची बाई जे सांगते ते रिपोर्टइतकंच महत्त्वाचं.

"आधी हे असे नव्हते." हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय, की आता मी तिथेच थांबून पुढे विचारते. चिडतात का? कशाची हौस उरली नाही असं वाटतं का? तेच तेच विचारतात का? कासेगावकडची एक बाई म्हणाली, "आमटी करपली, घरभर धूर झाला, तरी ह्यांना वास नाही आला." मी ते मागणीच्या कागदावर लिहून रेडिओलॉजिस्टना सांगितलं. त्यांनी कपाळाच्या मागचा, नाकाच्या वरचा भाग बारकाईनं बघितला, तर तिथे दोन्ही बाजूंना जुनी खरचटलेली जागा फ्लेअर सिक्वेन्समध्ये पांढरी दिसत होती. वास नेणारे नाजूक तंतू तिथूनच जातात, आणि रागाला लगाम घालणारा मेंदूचा भागही तिथलाच. नवऱ्याचा तापटपणा, तिच्यावर टाकलेला हात, सासरचं "तूच नीट वागत नाहीस", या सगळ्याला त्या दिवशी एक कारण मिळालं. मार खाणं तिनं सोसावं असा त्याचा अर्थ नाही. उपचार कुणाला हवेत ते कळलं, एवढाच अर्थ. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून स्मृती, लक्ष, निर्णय यांच्या चाचण्या करून घ्याव्यात, आणि सांगली-साताऱ्यात त्या मिळवायला अजून फार धडपडावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

९. एमआरआय नॉर्मल आला म्हणजे आखाड्यात उतरायची परवानगी मिळाली, असं समजू नये.

कुंडलच्या कुस्ती मैदानाचं नाव घेऊन वाढलेली पोरं इथे घरोघर आहेत. डोक्यावर आपटल्यावर क्षणभर अंधारी आली, उलटी झाली, तरी वस्ताद म्हणतात पाणी मार आणि उठ. सौम्य मारात नेहमीचा एमआरआय बहुधा स्वच्छ येतो. तरी एक-दोन दिवस विश्रांती, मग हलका व्यायाम, मग लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी बघितल्यावर कुस्ती, हाच क्रम ठेवावा. पहिली इजा भरून यायच्या आत बसलेला दुसरा मार फार महागात पडतो.

१०. संशोधनातली सरासरी एका माणसाला जशीच्या तशी लावू नये.

मोटार अपघाताच्या दाव्यासाठी कागद जमवणारे येतात आणि विचारतात, "डीटीआयमध्ये किती टक्के मेंदू गेला ते लिहून द्या." तसं लिहिता येत नाही. संशोधनात चाळीस-पन्नास जखमी आणि तितकेच निरोगी घेऊन सरासरी काढतात. एफए वयाप्रमाणे बदलतो, मशीन बदललं की बदलतो, सिक्वेन्स बदलला की बदलतो. आमच्या मशीनवर आमच्याच भागातल्या निरोगी माणसांचे आकडे वयानुसार जमा असल्याशिवाय एकाचा आकडा कमी की जास्त हे ठरवता येणार नाही. ते जमवणं अवघड नाही. मिरज, कराड, सातारा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे, आणि व्हायलाच हवं, कारण या विषयातले बहुतेक अभ्यास अमेरिका-युरोपातले आहेत. तिथे उसाची ट्रॉली नाही.

११. दुसरा स्कॅन पहिल्याइतकाच मोलाचा, आणि तोच होत नाही.

तंतूंची झीज आणि नेटवर्कची नवी जुळणी महिनोन्‌महिने चालते. त्यामुळे अपघातानंतर लगेच आणि पुन्हा सहा महिन्यांनी, वर्षानं, अशी चित्रं शेजारी ठेवली तरच इजा कुठे थांबली ते कळतं. पण ट्रॉलीखाली, रस्त्यावर सापडणाऱ्यांत ऊसतोड मजूर पुष्कळ. बीडकडून दिवाळीच्या सुमाराला कोयता येतो, झोपड्यांच्या कोप्या पडतात, आणि हंगाम संपून पट्टा पडला की सगळे गावी. सहा महिन्यांनी बोलावलेला माणूस तेव्हा शेकडो किलोमीटरवर असतो, आणि फोन मुकादमाचा असतो.

त्यांना मी आता एवढं करायला सांगते. डिस्चार्ज कार्डावर अपघाताची तारीख आणि किती वेळ शुद्ध नव्हती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. गावाकडच्या माणसाचा नंबर आमच्याकडे द्या. आणि रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी मागून घ्या, ती उन्हात, कोपीच्या पत्र्याखाली ठेवू नका. अंबाजोगाईला किंवा संभाजीनगरला पुन्हा एमआरआय निघाला तर तुलना मूळ चित्रांशीच करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फिल्मच्या फोटोवरून ना ठिपके मोजता येतात, ना पाण्याची दिशा.